कुंपणावरचा मतदार नेमका कशाने हलतो?

२०२४च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीला नऊ दिवस उरले होते. २७ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांची सभा होती. ट्रम्प बोलायच्या आधी मंचावर आलेल्या एका विनोदवीराने प्युर्टो रिकोला 'समुद्रात तरंगणारं कचऱ्याचं बेट' म्हटलं. त्या बेटावर राहणाऱ्यांना अध्यक्षपदासाठी मत देता येत नाही. पण तिथून येऊन पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्यांना देता येतं, आणि त्या राज्यात प्युर्टो रिकन वंशाचे चार लाखांहून जास्त लोक आहेत. डेमोक्रॅटिक पक्षाच्या हाती आयता मुद्दा आला. तो जेमतेम दोन दिवस टिकला. २९ तारखेला जो बायडेन एका व्हिडिओ कॉलवर असं काही बोलून गेले, की त्यांनी ट्रम्प यांच्या सरसकट सगळ्या समर्थकांना कचरा म्हटलं असंच ऐकणाऱ्यांना वाटलं. रोख फक्त त्या विनोदवीराच्या द्वेषावर होता, असा खुलासा व्हाइट हाउसने केला. पण खुलासे वाचतो कोण? ३० तारखेला ट्रम्प विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बे इथे नारिंगी जॅकेट घालून कचऱ्याच्या ट्रकमध्ये चढले आणि तिथूनच पत्रकारांशी बोलले.

कोण कोणाला काय म्हणालं, एवढ्याच विषयावर चार दिवस गेले. ज्यांचं मत पक्कं होतं, त्यांच्यावर यातल्या कशाचाच परिणाम होणार नव्हता. हा सगळा खटाटोप चालला होता तो कुंपणावर बसलेल्यांसाठी. या मतदारावर अस्मितेच्या राजकारणाचा आणि 'पोलिटिकल करेक्टनेस'चा परिणाम होतो का, होत असेल तर किती आणि कोणत्या वाटेने, हे अमेरिकेच्या उदाहरणावरून नीट उलगडता येतं. कारण तिथे गेल्या दहा वर्षांत हा प्रयोग पुन्हापुन्हा झाला आहे, आणि मोजलाही गेला आहे.

अस्मितेचं राजकारण म्हणजे वंश, धर्म, लिंग, भाषा, प्रदेश अशा ओळखीच्या आधारे लोकांना एकत्र आणून हक्क किंवा सत्ता मागणं. अमेरिकेत हा शब्द बहुतेक वेळा कृष्णवर्णीय, स्त्रिया, समलिंगी, ट्रान्स (जन्मावेळच्या लिंगाशी ज्यांची ओळख जुळत नाही ते) अशा गटांच्या चळवळींसाठी वापरतात. पण गोऱ्या, ग्रामीण, ख्रिस्ती मतदाराला 'हा देश तुमचा होता, तो हिसकावला जातोय' असं सांगणं हेसुद्धा चोख अस्मितेचंच राजकारण आहे. फक्त त्याला कोणी त्या नावाने हाक मारत नाही. पोलिटिकल करेक्टनेस म्हणजे कोणत्या गटाबद्दल कोणते शब्द वापरायचे, कोणते टाळायचे, याचे अलिखित नियम. हे नियम कायद्याच्या पुस्तकात नसतात. ते मोडले तर शिक्षा होते ती चारचौघांत, ऑफिसात, सोशल मीडियावर.

हा कुंपणावरचा माणूस कोण?

सर्वांत मोठा गैरसमज इथेच होतो. 'अनिर्णित मतदार' म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो दोन्ही जाहीरनामे शेजारी ठेवून वाचणारा, तोलूनमापून मध्यावर उभा असलेला सुजाण नागरिक. असा माणूस सापडणं दुर्मिळ. प्रत्यक्षातला अनिर्णित मतदार राजकारणाच्या बातम्या कमी बघतो, आणि त्याची मतं मधली नसतात, मिसळलेली असतात. किमान वेतन वाढावं, श्रीमंतांवर कर लावावा, औषधं स्वस्त व्हावीत, असं त्याला वाटतं. त्याच वेळी सीमेवर कडक बंदोबस्त हवा, शाळेत 'हे नवीन खूळ' नको, असंही वाटतं. २०१६नंतर झालेल्या एका मोठ्या मतदार-अभ्यासात आर्थिक बाबतीत डावीकडे पण सामाजिक बाबतीत उजवीकडे झुकलेले मतदार सुमारे २९ टक्के निघाले. याच्या उलट, म्हणजे आर्थिक बाबतीत उजवे पण सामाजिक बाबतीत उदारमतवादी, जेमतेम ४ टक्के. वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत दिसणारा 'समंजस मध्यममार्गी' बहुधा या दुसऱ्या प्रकारचा असतो. मतदारसंघात तो शोधावा लागतो.

या २९ टक्क्यांना दोन्ही पक्ष अर्धे पटतात, अर्धे खुपतात. म्हणून निवडणुकीत चर्चा कशाची होते याला महत्त्व. औषधांच्या किमतीवर बोलणं चाललं तर हा माणूस एका बाजूला झुकतो. ट्रान्स लोकांनी कोणतं शौचालय वापरायचं, कोणाला कोणतं सर्वनाम लावायचं आणि मुलींच्या खेळात कोण खेळणार यावर चाललं तर दुसऱ्या. त्याचं मन वळवावंच लागत नाही. त्याच्या मनातल्या दोन भागांपैकी कोणता जागा करायचा, एवढाच प्रश्न असतो.

आता गणित. २०२४ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये सुमारे ३४ लाख मतं पडली आणि ट्रम्प तिथे साधारण २९,००० मतांनी जिंकले. समजा शेवटच्या आठवड्यात ५ टक्के मतदार अनिर्णित आहेत, म्हणजे १ लाख ७० हजार. ते समसमान विभागले तर फरक शून्य. तेच ६०-४० झाले तर एकाला १ लाख २ हजार, दुसऱ्याला ६८ हजार, फरक ३४,०००. आख्ख्या राज्याचा निकाल त्यात बसला. शिवाय एका बाजूचा मतदार दुसरीकडे गेला की फरक दोनने बदलतो, तो रुसून घरी बसला तर एकाने. म्हणून प्रचारयंत्रणा मन वळवण्याइतकाच पैसा समोरच्याच्या मतदाराचा उत्साह मारण्यावरही घालते. २०१६ला तर मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून ७८ हजारांच्या आत मतांनी अध्यक्ष ठरला. त्या वर्षी विस्कॉन्सिनमध्ये ज्यांनी शेवटच्या आठवड्यात मत ठरवलं, त्यांच्यात ट्रम्प जवळपास ३० टक्के बिंदूंनी पुढे होते.

एवढ्या बारीक फरकाची निवडणूक असेल, तर एखाद्या टक्क्याने हलवणारी गोष्टसुद्धा 'निर्णायक' म्हणता येते. मात्र तशा निर्णायक गोष्टी एकाच वेळी दहा असतात, हे बोलणारा सोयीस्करपणे विसरतो.

टोपलीत कोण?

९ सप्टेंबर २०१६. न्यूयॉर्कमध्ये देणगीदारांच्या एका कार्यक्रमात हिलरी क्लिंटन म्हणाल्या की, ढोबळमानाने बोलायचं तर ट्रम्प यांचे निम्मे समर्थक 'डिप्लोरेबल्स'च्या, म्हणजे नालायकांच्या, एका टोपलीत टाकता येतील: वंशद्वेष्टे, स्त्रीद्वेष्टे, समलिंगीद्वेष्टे, परक्यांचा आणि मुसलमानांचा द्वेष करणारे. पुढची वाक्यं फारशी कोणाला आठवत नाहीत. त्यांनी लगेच दुसऱ्या टोपलीचीही गोष्ट काढली होती. सरकारने आणि अर्थव्यवस्थेने वाऱ्यावर सोडलंय असं वाटणारी माणसं त्या टोपलीत, आणि त्यांना आपण समजून घेतलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. दुसरी टोपली क्लिपमध्ये आलीच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी 'निम्मे' या शब्दाबद्दल खेद व्यक्त केला. ट्रम्प यांच्या समर्थकांनी मात्र 'डिप्लोरेबल' हा शब्द टी-शर्टवर छापून मिरवला.

ट्रम्प यांचा कट्टर समर्थक क्लिंटन यांना मत देणारच नव्हता, त्यामुळे त्याच्या रागाने त्यांचं काही गेलं नाही. अनिर्णित माणसाचं तसं नसतं. तो दोन्हीकडच्या लोकांत वावरतो. त्याचा मेहुणा, गॅरेजमधला जोडीदार, चर्चमधली शेजारीण ट्रम्प यांना मत देणार असते आणि ही माणसं वाईट नाहीत हे त्याला रोजच्या अनुभवाने माहीत असतं. त्याला ऐकू येतं ते एवढंच, की माझ्या माणसांना ही बाई नालायक समजते आणि उद्या मीही कुंपणावरून त्या बाजूला उतरलो, तर मलाही समजेल. हा मुद्दा भूमिकेचा नाही, मानाचा आहे.

रिपब्लिकन पक्षालाही हे भोवलं आहे. २०१२ मध्ये पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉम्नी फ्लोरिडातल्या देणगीदारांसमोर म्हणाले होते की, ४७ टक्के लोक सरकारवर अवलंबून आहेत, ते स्वतःला बळी समजतात, त्यांची काळजी करणं माझं काम नाही. चोरून घेतलेलं ते चित्रण सप्टेंबरमध्ये बाहेर आलं आणि प्रचाराच्या उरलेल्या दिवसांत रॉम्नींची पाठ त्याने सोडली नाही. दोन्ही वाक्यं देणगीदारांपुढची, हा योगायोग नव्हे. सभेत उमेदवार मतदाराशी बोलतो. देणगीदारांसमोर तो मतदाराविषयी बोलतो, आणि आपल्याविषयी चाललेलं बोलणं कानावर पडलं की कोणीही कान टवकारतोच.

ट्रम्प यांनी या मानाच्या प्रश्नाचा वापर फार आधीच हेरला होता. ६ ऑगस्ट २०१५ला क्लीव्हलंडमधल्या पहिल्या वादसभेत सूत्रसंचालिकेने त्यांना बायकांबद्दलच्या त्यांच्याच अपशब्दांवरून प्रश्न विचारला. उत्तरात ते म्हणाले, या देशाचा मोठा प्रश्न पोलिटिकल करेक्टनेस हा आहे आणि माझ्याकडे त्यासाठी वेळ नाही. प्रश्न त्यांच्या वागण्याचा होता; उत्तराने तो नियमांचा झाला. आता ट्रम्प यांना नावं ठेवणारा प्रत्येकजण 'नियम लादणारा' ठरणार. २०१६च्या प्रचारकाळात बहुतांश मवाळ मतांच्या लोकांवर एक प्रयोग झाला. त्यांना आधी जपून बोलण्याच्या नियमांची आठवण करून दिली की ट्रम्प यांना पाठिंबा वाढलेला दिसला. क्लिंटन यांच्या बाबतीत तसा फरक पडला नाही. गप्प केलं जाण्याची भावना अशी मताचा रस्ता धरते.

तीस सेकंदांची एक जाहिरात, उघडून

२०२४ची सर्वांत गाजलेली जाहिरात 'कमला त्यांच्या, ट्रम्प तुमचे' या धर्तीच्या वाक्यावर संपते. मूळ वाक्यातलं 'त्यांच्या' हे स्वतःला स्त्री किंवा पुरुष न मानणारे लोक वापरतात ते सर्वनाम आहे, त्यामुळे एका शब्दात टोमणा आणि 'ते विरुद्ध तुम्ही' अशी विभागणी दोन्ही साधतं. आत कमला हॅरिस यांची २०१९ची चित्रफीत आहे. त्यात त्या तुरुंगातल्या ट्रान्स कैद्यांना लिंगबदलाचे उपचार मिळावेत असं म्हणतात. एका आवृत्तीत एका नावाजलेल्या कृष्णवर्णीय रेडिओ निवेदकाचा आवाज आहे: माझ्या कराचा पैसा यासाठी नको.

हे यंत्र इतकं चालावं याचं कारण आत तीन तारा एकत्र पिळल्या आहेत. कराचा पैसा ही पहिली, कैदी ही दुसरी, ट्रान्स ओळख ही तिसरी. नुसत्या तिसरीवर बरेच लोक 'ज्याचं त्याला' म्हणून सोडून देतात. पैसा आणि कैदी जोडले की विषय अस्मितेचा उरत नाही. 'मी किराणा भरताना दहादा विचार करतोय आणि यांना हे सुचतंय' असा होतो. कृष्णवर्णीय निवेदकाचा आवाज वंशद्वेषाचा आरोप आधीच बोथट करतो. आणि बोलणारी स्वतः उमेदवार असल्याने 'हे खोटं आहे' म्हणायची सोय उरत नाही. ही जाहिरात फुटबॉलच्या सामन्यांत दाखवली गेली, म्हणजे बातम्या न बघणारा आपला मिसळलेल्या मतांचा माणूस जिथे हमखास सापडतो तिथे.

ती २०१९ची भूमिका आली कुठून, हा यातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग आहे. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार आधी पक्षांतर्गत निवडणुकीत ठरतो. तिथे मतदान करणारे बहुतांश पक्के, सक्रिय लोक. संघटना उमेदवारांना लेखी प्रश्नावल्या पाठवतात आणि डझनावारी इच्छुक रिंगणात असले की प्रत्येकाला दुसऱ्याच्या एक पाऊल पुढे जावं लागतं. ज्या प्रश्नावर देशात कोणी रात्रीचं जेवण सोडून भांडत नव्हतं, त्यावर 'हो' लिहून द्यावं लागतं. ते उत्तर मग पाच वर्षं फाइलमध्ये पडून राहतं, विरोधकांच्या. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतही केंद्रीय तुरुंगांत ट्रान्स कैद्यांना उपचार मिळत होते. हॅरिस यांनी १६ ऑक्टोबरला फॉक्स न्यूजवर तसं सांगितलंही. पण टोमण्याला तपशिलाने उत्तर दिलं की टोमणा आणखी एकदा ऐकवला जातो, इतकंच.

अशा जाहिराती तपासतात कशा? मतदारांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे. एकाला जाहिरात दाखवायची, दुसऱ्याला असंबद्ध काहीतरी. मग दोघांना कोणाला मत देणार ते विचारायचं. दोन्ही गटांतला फरक म्हणजे जाहिरातीचा परिणाम. हॅरिस यांच्या बाजूच्याच एका मोठ्या प्रचारगटाच्या चाचणीत या जाहिरातीने मत २.७ टक्के बिंदूंनी ट्रम्प यांच्याकडे सरकवल्याचं बातम्यांत आलं. दुसऱ्या एका चाचणीत मतावर लक्षात येण्याजोगा परिणाम दिसला नाही. पहिला आकडा खरा धरला तरी तो प्रयोगशाळेतला आहे: माणसाला जाहिरात पूर्ण बघायला लावली आणि लगेच विचारलं. घरी तोच माणूस जाहिरात लागली की फ्रिजकडे जातो. शिवाय परिणाम काही दिवसांत ओसरतो, म्हणून ती पुन्हापुन्हा दाखवावी लागते, आणि म्हणून पैसा लागतो.

प्रचाराच्या परिणामांवर झालेल्या ४९ प्रत्यक्ष प्रयोगांचा एकत्रित हिशेब २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. घरोघरी जाणं, फोन, पत्रकं यांचा मन वळवण्यावरचा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. एक अपवाद मात्र त्यात नोंदवला आहे: उमेदवाराची एखादी भूमिका नेहमीपेक्षा फारच लोकविरोधी असेल आणि ती नेमक्या वळू शकणाऱ्या मतदारापर्यंत पोचवायला भरपूर मेहनत घेतली असेल, तर परिणाम होतो. २०१९च्या त्या प्रश्नावलीतल्या उत्तराचं वर्णन याहून नेमकं करता येणार नाही.

तेच हत्यार कुठे बोथट झालं

केंटकी हे ट्रम्प यांनी २०२० मध्ये २६ टक्के बिंदूंनी जिंकलेलं राज्य. तिथले डेमोक्रॅट गव्हर्नर अँडी बेशियर यांनी २०२३ मध्ये ट्रान्स मुलांच्या उपचारांवर बंदी घालणाऱ्या विधेयकावर नकाराधिकार वापरला. निवडणुकीत त्यावरून जाहिरातींचा मारा झाला. बेशियर पाच टक्के बिंदूंनी निवडून आले. त्यांनी विषय टाळला नाही. सगळी मुलं देवाची लेकरं आहेत अशी माझ्या श्रद्धेची शिकवण आहे, असं दोन वाक्यांत सांगितलं आणि रस्ते, नोकऱ्या, पूरग्रस्तांची घरं याकडे वळले. त्यांचं उत्तर होतं केंटकीच्या चर्चमधल्या भाषेत, विद्यापीठाच्या नव्हे. चार वर्षं कामं दिसली होती, त्यामुळे 'याला आपल्यापेक्षा भलत्यांचीच काळजी' हा आरोप चिकटायला जागाच नव्हती.

नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हर्जिनियात डेमोक्रॅटिक पक्षाच्या गव्हर्नरपदाच्या उमेदवार ॲबिगेल स्पॅनबर्गर यांच्यावर 'त्यांच्या, आपल्या नाहीत' हाच साचा वापरला गेला. त्या सुमारे १५ टक्के बिंदूंनी जिंकल्या. वॉशिंग्टनला खेटून असलेल्या त्या राज्यात केंद्रीय नोकरकपात आणि ठप्प पडलेलं सरकार यांची झळ घरोघरी बसली होती, आणि खर्चाचा राग आता ट्रम्प यांच्या पक्षावर होता. पैशाची पहिली तार तुटली की तिसरीत वीज राहत नाही. याच स्पॅनबर्गर २०२०च्या निकालानंतर पक्षाच्या बैठकीत पोलिसांचा निधी काढून घेण्याच्या घोषणेवरून सहकाऱ्यांवर उखडल्या होत्या. घोषणा देणारे सुरक्षित मतदारसंघांतले असतात, तिची किंमत काठावरचे मोजतात.

ज्यांच्यासाठी भाषा बदलली, तेच बिचकले

लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांसाठी 'लॅटिनएक्स' हा शब्द स्पॅनिशमधला स्त्रीलिंगी-पुल्लिंगी भेद टाळण्यासाठी आला. प्यू संस्थेच्या २०२०च्या पाहणीत अमेरिकेतल्या हिस्पॅनिक प्रौढांपैकी ३ टक्के लोक तो स्वतःसाठी वापरत होते; तीनचतुर्थांशांनी तो ऐकलाही नव्हता. ॲरिझोनाचे डेमोक्रॅट खासदार रुबेन गाएगो यांनी २०२१ मध्ये आपल्या कार्यालयात त्यावर बंदी घातली. २०२४ मध्ये हॅरिस ॲरिझोना साडेपाच टक्के बिंदूंनी हरल्या, गाएगो त्याच मतपत्रिकेवर सिनेटसाठी जिंकले. श्रेय एका शब्दाला देऊ नये. त्यांच्यासमोरची उमेदवारही कमकुवत होती. पण मतदाराची ओळख त्याच्याआधी आपणच ठरवायची, या सवयीवर ते उदाहरण बोलकं आहे. टेक्सासमधल्या स्टार कौंटीत ९७ टक्के लोक हिस्पॅनिक. २०१२ मध्ये ओबामांना तिथे ८६ टक्के मतं होती. २०२४ मध्ये ट्रम्प सुमारे ५८ टक्के मतं घेऊन जिंकले. १८९२नंतर तिथे जिंकलेले ते पहिले रिपब्लिकन.

भारतीय वंशाच्या मतदारांतही, ज्यांत आपली मराठी मंडळी आली, हेच दिसलं. कार्नेगी संस्थेच्या पाहण्यांनुसार २०२० मध्ये दोनतृतीयांशांहून जास्त बायडेन यांच्याकडे होते. २०२४ मध्ये भारतीय आईची मुलगी उभी असताना ६१ टक्के हॅरिस यांच्याकडे. ट्रम्प २२ टक्क्यांवरून तिशीच्या पुढे गेले, आणि घसरण तरुण पुरुषांत जास्त होती. आपल्यातली म्हणून मत मिळतं हे गृहीत धरणाऱ्याला कुंपणावरचा मतदार असा चकवतो.

पाहण्यांचे आकडे वाचताना

२०१८च्या एका मोठ्या पाहणीत ८० टक्के अमेरिकनांनी पोलिटिकल करेक्टनेस हा देशापुढचा प्रश्न असल्याचं सांगितलं. कृष्णवर्णीयांतही ७५ टक्के. हा आकडा फार फिरला. त्याच पाहणीत ८२ टक्के लोकांनी द्वेषमूलक भाषा हाही प्रश्न आहे असं म्हटलं होतं, तो आकडा फिरला नाही. लोकांना शिव्याही नको असतात आणि मास्तरही.

दुसरा खड्डा निकालानंतरच्या पाहण्यांत. २०२४नंतर एका डेमोक्रॅट संस्थेने मतदारांना हॅरिस यांना न निवडण्याची कारणं विचारली. ट्रम्प यांच्याकडे वळलेल्या काठावरच्या मतदारांत पहिला क्रमांक आला 'मध्यमवर्गाला मदत करण्याऐवजी ट्रान्ससारख्या सांस्कृतिक विषयांवर जास्त लक्ष' या वाक्याचा. नीट वाचा: यात दोन तक्रारी एकत्र आहेत. माणूस 'मध्यमवर्गाला मदत नाही' यावर मान डोलावतो आणि नोंद होते ट्रान्सच्या खात्यात. शिवाय जाहिरातीतलंच वाक्य कारण म्हणून परत ऐकू येतं, तेव्हा कारण कुठलं आणि आठवण कुठली हे वेगळं काढता येत नाही.

उलट बाजूने तपासायची एक सोपी युक्ती आहे: जिथे प्रचार कमी झाला तिथे काय झालं ते बघायचं. २०२० ते २०२४ या काळात देशभराचं मत सुमारे सहा टक्के बिंदूंनी ट्रम्प यांच्याकडे सरकलं. न्यू जर्सीत, जिथे दोन्ही पक्षांनी जाहिरातींवर फारसा पैसा घातला नाही, दहा. पेनसिल्व्हेनियात, जिथे दोन्ही बाजूंनी पाण्यासारखा पैसा ओतला, तीनच्या आत. विस्कॉन्सिनमध्ये तर जेमतेम दीड. म्हणजे मोठी लाट महागाईची आणि सत्ताधाऱ्यांवरच्या रागाची होती, आणि ती जाहिरातीशिवायच आली. फुटबॉलच्या सामन्यांतल्या जाहिराती देशभर दिसल्या, त्यामुळे ही तुलना सोवळी नाही. तरी त्या तीस सेकंदांना द्यायचंच तर श्रेय न्यू जर्सीतल्या दहा बिंदूंचं देता येत नाही. फार तर विस्कॉन्सिनच्या २९,००० मतांमधला काही हिस्सा.